आपल्या भागात कोरोना वाढतोय की उतरतोय आणि नियम नक्की काय आहेत, हे स्वतः कसं बघायचं

रविवारी ४१ पेशंट, आदल्या दिवशी ८६ होते, म्हणजे एका दिवसात निम्मे झाले, चला सुटलो, असा मेसेज दर लाटेत कुणीतरी टाकतंच आणि त्याच्याखाली हात जोडलेले वीस इमोजी. खरं काय झालेलं असतं, तर रविवारी लॅबमध्ये माणसं कमी, टेस्ट कमी, आकडे भरणारा सुट्टीवर. मग मंगळवारी साठलेले रिपोर्ट एकदम येतात, आकडा उसळी मारतो आणि तोच माणूस 'कोरोनाचा स्फोट' म्हणून लिहितो. दोन्ही वेळा साथ होती तिथेच असते.

त्यामुळे आजचा आकडा हे प्रकरण आधी डोक्यातून काढा. आठवड्याला आठवडा लावून बघायचं, बाकी सगळं त्यानंतर. मी २०२० पासून एक साधी गुगल शीट ठेवलीय, रोज दोन मिनिटं लागतात, त्यात काही हुशारी नाही, पण घरातल्यांनी 'काय रे, जायचं का नाही' विचारलं की उत्तर देता येतं. तीच पद्धत सांगतो.

शीटमध्ये काय ठेवायचं

सहा कॉलम बास झाले. तारीख, त्या दिवशीचे नवे रुग्ण, त्या दिवशीच्या टेस्ट, दवाखान्यात नवीन भरती, मृत्यू, आणि शेरा. एकूण रुग्णसंख्या, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची बेरीज, ठेवूच नका, ती कायम वाढतच जाणार, ती बघून फक्त छाती दडपते. 'अ‍ॅक्टिव्ह रुग्ण' हा आकडासुद्धा मला फारसा पटत नाही कारण तो डिस्चार्जच्या नियमावर चालतो, नियम बदलला की साथ न बदलता अ‍ॅक्टिव्ह एका रात्रीत खाली येतात.

आता शेरा. लोक हाच कॉलम टाळतात आणि तोच सगळ्यात कामाचा. 'आज बुलेटिन आलं नाही', 'जोडून सुट्ट्या', 'मागचे राहिलेले २०० आज धरलेत', असं दोन शब्दात लिहून ठेवायचं. महिन्याने ग्राफमध्ये सुळका दिसला की आठवत नाही तो कशाचा होता.

सोर्स एकच धरा. तुमच्या भागाचं आरोग्य खातं जे बुलेटिन काढतं ते, किंवा त्याचाच डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आणि ग्राफ दाखवणारं वेबपान. न्यूज चॅनेलचा आकडा, राज्याचा आकडा आणि देशाच्या पोर्टलचा आकडा हे तिन्ही एकाच दिवशी वेगळे असू शकतात आणि तिन्ही बरोबर असू शकतात, कारण एकाचा दिवस संध्याकाळी संपतो, दुसऱ्याचा मध्यरात्री, तिसरा कालचं आज छापतो. सोमवार इकडून आणि मंगळवार तिकडून घेतलात तर मधले पेशंट एक तर दोनदा मोजले जातील नाहीतर गायबच होतील. दोन भाग शेजारी ठेवून बघणार असाल तर आठवडा कुठून कुठपर्यंत मोजलाय तेही बघा, अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, आठवडा रविवार ते शनिवार असतो आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी सोमवार ते रविवार.

अजून एक, डॅशबोर्डवर आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही तारीख रिपोर्ट आल्याची आहे का सॅम्पल घेतल्याची. सॅम्पलच्या तारखेने लावलेल्या ग्राफमध्ये शेवटचे तीन-चार दिवस कायम उतरताना दिसतात, लाट कितीही चढती असली तरी, कारण त्या दिवसांचे रिपोर्ट अजून यायचेच असतात. तो उतार बघून भले भले फसतात. असा ग्राफ असेल तर शेवटचे दिवस बोटाने झाकून बघा. हसू नका, मी खरंच झाकतो.

हिशोब कसा करायचा, एक उदाहरण

समजा चार लाख वस्तीचा भाग आहे. आकडे मी मनानेच घेतलेत, फक्त रीत कळावी म्हणून. मागचा आठवडा सोमवार ते रविवार असा होता: ४८, ७१, ८३, ७९, ९०, ८६, ४१. आणि हा आठवडा: ३९, ८८, १०४, ११२, १२१, ११७, ५८.

नुसतं वरवर बघणाऱ्याला सोमवारी काय दिसलं? मागच्या सोमवारी ४८, ह्या सोमवारी ३९, म्हणजे उतरलं. आता बेरीज करा. मागचा आठवडा ४९८, हा ६३९. सरासरी रोजचे ७१ होते ते ९१ झाले. ६३९ ला ४९८ ने भागलं की १.२८ येतं, म्हणजे आठवड्यात २८ टक्के वाढ. शीटमध्ये हे हाताने करायची गरज नाही, सात ओळींवर अ‍ॅव्हरेजचा फॉर्म्युला टाकायचा आणि खाली ओढायचा, ज्या दिवशी बघाल त्या दिवशी मागच्या सात दिवसांची सरासरी समोर.

हा भागाकार मला बाकी सगळ्या ग्राफपेक्षा आवडतो. एकच्या वर म्हणजे चढती, खाली म्हणजे उतरती, एकच्या आसपास म्हणजे रेंगाळलंय. दर आठवड्याला दुप्पट होत असेल तर २ येणार हे उघड आहे. दीड आला तर साधारण १२ दिवसात दुप्पट, १.२ आला तर २६-२७ दिवसात. आपल्या उदाहरणातला १.२८ म्हणजे २० दिवसाच्या जरा अलीकडे. ऐकायला २८ टक्के काही वाटत नाही, पण ह्याच वेगाने गेलं तर महिना-सव्वा महिन्यात चौपट होतं, आणि बेड काही महिन्यात चौपट होत नाहीत.

मग लाखामागे किती ते काढा, ६३९ भागिले ४, म्हणजे आठवड्याला लाखामागे १६०. हे कशासाठी, तर शेजारच्या मोठ्या शहरात २००० पेशंट आणि आपल्याकडे ६३९ म्हणून आपण बरे, असं वाटतं, पण ते शहर तीस लाखांचं असेल तर तिथे लाखामागे ६७ च येतात आणि जास्त पेटलेलं आपल्याकडेच असतं. मात्र फारच छोटं गाव असेल तर उलटं होतं, दोन हजार वस्तीत एका घरातले चार जण पॉझिटिव्ह निघाले की लाखामागे २००, तिथे लाखामागेचा हिशोब करूच नका, सरळ माणसं मोजा.

टेस्ट किती झाल्या हे न बघता बोलू नका

'टेस्ट वाढवल्या म्हणून पेशंट वाढले' हे वाक्य प्रत्येक लाटेच्या सुरुवातीला येतं. कधीकधी ते खरंही असतं, म्हणूनच तपासायचं. आपल्या उदाहरणात समजा मागच्या आठवड्यात ६२०० टेस्ट झाल्या आणि ह्या आठवड्यात ७१००. टेस्ट साडेचौदा टक्क्यांनी वाढल्या, पेशंट २८ टक्क्यांनी. पॉझिटिव्हिटी, म्हणजे शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह, ८ टक्क्यांवरून ९ वर गेली. म्हणजे वाढ खरीच आहे. टेस्ट वाढल्या, पेशंट वाढले पण पॉझिटिव्हिटी खाली आली, असं असेल तर निदान जाळं मोठं टाकलंय एवढं म्हणता येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेशंट तेवढेच, टेस्ट कमी, पॉझिटिव्हिटी वर, तेव्हा हेडलाईन 'स्थिती नियंत्रणात' असते आणि मला झोप लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये निर्बंध सैल करायच्या आधीचा एक निकष म्हणून पॉझिटिव्हिटी सलग दोन आठवडे ५ टक्क्यांखाली असावी असं सांगितलं होतं, तिथून हा पाचाचा आकडा सगळीकडे पसरला. पण टेस्ट कुठली हे बघा. रॅपिड अँटिजेन (मिनिटांत निकाल देणारी) आणि आरटीपीसीआर (लॅबमध्ये होणारी, जास्त खात्रीची) एकत्र करून काढलेली पॉझिटिव्हिटी बरेचदा कमी दिसते, कारण अँटिजेनमध्ये बरेच पॉझिटिव्ह निसटतात आणि ती टेस्ट धडाधड हजारोंनी करता येते, भाजक फुगतो. महाराष्ट्र सरकारने २५ जून २०२१ ला जो सुधारित आदेश काढला त्यात म्हणूनच पॉझिटिव्हिटी फक्त आरटीपीसीआरवरून काढा असं स्पष्ट लिहिलं.

भरती आणि मृत्यू मागून येतात

लागण झाल्यापासून लक्षणं यायला सुरुवातीच्या व्हायरसमध्ये सरासरी पाच-सहा दिवस लागायचे, ओमिक्रॉन ह्या नंतरच्या प्रकारात तीनच्या आसपास. मग टेस्ट, मग रिपोर्ट. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर त्याला अजून आठवडाभर, आणि मृत्यूचा आकडा त्याच्याही मागे दोन-तीन आठवडे. म्हणून पेशंट वाढतायत पण मृत्यू शून्य, म्हणजे सौम्य आहे, असं पहिल्या आठवड्यात म्हणणाऱ्याचं ऐकू नका, तो बरोबर निघेलही, पण त्याला ते अजून माहीत असायचं कारण नाही. उलट्या बाजूने, लाट उतरली तरी मृत्यू काही दिवस चढेच राहतात, तेव्हा घाबरायचं नाही.

आज घरच्या घरी किट लावून टेस्ट करणारे कुठेच नोंदले जात नाहीत आणि बरेच जण तर टेस्टच करत नाहीत, त्यामुळे नवे रुग्ण हा कॉलम आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. भरतीचा कॉलम त्यातल्या त्यात टिकून आहे. त्यातही एक गोम आहे, पाय मोडून आलेला माणूस रूटीन टेस्टमध्ये पॉझिटिव्ह निघाला तरी काही ठिकाणी तो कोरोनाचा पेशंट म्हणून मोजतात, म्हणून आयसीयू आणि ऑक्सिजनवरचे किती तेही मिळालं तर बघा.

दुसरा आधार म्हणजे सांडपाणी. लागण झालेल्या माणसाच्या विष्ठेतून व्हायरसचे अंश बाहेर पडतात, तो टेस्ट करो न करो, संडासला तर जातोच. नेदरलँड्समध्ये मार्च २०२० मध्येच सांडपाण्यात ते सापडले होते आणि अमेरिकेत सीडीसीने सप्टेंबर २०२० मध्ये देशभराची व्यवस्था उभी केली. तुमच्या भागाचा असा डेटा निघत असेल तर तो जरूर बघा, टेस्टच्या आकड्यांच्या काही दिवस आधी तो हलतो. फक्त त्यात आकडा नाही, दिशा बघायची. जोराचा पाऊस पडला की पाणी पातळ होतं आणि आकडा खोटाच खाली येतो.

सुळके आणि खड्डे

ग्राफमध्ये एका दिवशी उंच सुळका आला की पहिला प्रश्न, मोजायची पद्धत बदलली का? १२ फेब्रुवारी २०२० ला चीनच्या हुबेईमध्ये एका दिवसात १४,८४० रुग्ण दाखवले, जग हादरलं, पण त्यातले १३,३३२ हे टेस्टऐवजी डॉक्टरांनी तपासून ठरवलेले, त्या दिवसापासून तेही मोजायला लागले म्हणून आलेले होते. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० ह्या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत, का, तर एक्सेलच्या जुन्या फॉरमॅटमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. आपण घरची शीट करतो तेव्हा चुकलो तर फार मनाला लावून घेऊ नये, असं मला तेव्हापासून वाटतं. त्याच देशात ऑगस्ट २०२० मध्ये पॉझिटिव्ह आल्यापासून २८ दिवसात गेलेलेच मोजायचे असं ठरलं आणि एकूण मृत्यू ५,३७७ ने कमी झाले, कागदावर. उलट बिहारमध्ये जून २०२१ मध्ये पडताळणी झाली आणि ३,९५१ मृत्यू एकदम वाढले, त्या दिवशी देशाचाच ग्राफ ताडासारखा उभा राहिला.

असं काही झालं की तो दिवस शेऱ्यात लिहा, सरासरीतून बाजूला काढा आणि जुने आकडे कुठल्या तारखांचे आहेत ते दिलं असेल तर त्या त्या दिवशी भरा. नसेल दिलं तर ग्राफला तिथे भोक राहू द्या, अंदाजाने भरू नका.

आता नियम

आकड्यांपेक्षा इथे जास्त गोंधळ होतो आणि इथे फटका लगेच बसतो. मी स्वतः एकदा ग्रुपवर आलेली पीडीएफ बघून घरातल्या सगळ्यांचं जाणं रद्द करवलं. सही, शिक्का, दिवस-महिना सगळं जुळत होतं, फक्त साल मागचं होतं. अजून टोमणे ऐकतोय.

तेव्हापासून आदेश हातात आला की मी मथळा वाचतच नाही, आधी आदेशाची पूर्ण तारीख आणि क्रमांक बघतो. मग लागू कधीपासून, तारीख आणि वेळ दोन्ही, कारण 'रात्री ८ पासून' आणि 'मध्यरात्रीपासून' ह्यात एक अख्खा प्रवास अडकतो. कधीपर्यंत. मग हद्द. मग हा आधीचा आदेश रद्द करतोय का त्यात भर घालतोय, कारण भर घालत असेल तर जुनाही वाचावा लागतो, त्याला इलाज नाही. आणि शेवटी अपवाद, जे बहुतेक वेळा खालच्या परिच्छेदात किंवा जोडलेल्या तक्त्यात असतात. 'सगळं बंद' म्हणून फिरणाऱ्या आदेशात अपवादांचीच दोन पानं असतात.

हद्दीचा मुद्दा जरा थांबून बघा. महाराष्ट्रात ४ जून २०२१ च्या आदेशाने निर्बंधांचे पाच स्तर केले होते, ७ जूनपासून लागू. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असतील तर पहिला, सगळ्यात सैल स्तर, आणि पॉझिटिव्हिटी २० च्या वर किंवा बेड ७५ टक्क्यांपेक्षा जास्त भरलेले तर पाचवा, सगळ्यात कडक. गुरुवारी आकडे बघायचे, स्तर सोमवारपासून बदलायचा. पण त्यात दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिका वेगळा घटक धरल्या होत्या आणि जिल्ह्याचा उरलेला भाग वेगळा. त्यामुळे 'आमचा जिल्हा तिसऱ्या स्तरात' हे वाक्यच अर्धवट होतं, एकाच जिल्ह्यात रस्त्याच्या ह्या बाजूला एक नियम आणि त्या बाजूला दुसरा असं होऊ शकत होतं. मग २५ जूनला आदेश आला की आकडे कितीही चांगले असोत, तिसऱ्या स्तराच्या खाली कुणीच जायचं नाही. आकडे बघून स्तराचा अंदाज बांधणारे आम्ही सगळे त्या दिवशी तोंडावर पडलो.

म्हणजे आकडा उंबरठ्याखाली गेला की नियम सैल झाला, असं होत नाही. जर्मनीत एप्रिल २०२१ च्या कायद्यात लाखामागे सात दिवसात १०० च्या वर आकडा सलग तीन दिवस राहिला तर निर्बंध लागायचे, पण उठायला मात्र सलग पाच कामाचे दिवस १०० च्या खाली राहावं लागायचं, आणि तेही लगेच नाही, मध्ये एक दिवस सोडून. चढताना लवकर, उतरताना सावकाश, ही रीत बऱ्याच ठिकाणी दिसते. तुमच्या भागाच्या आदेशात हा 'सलग किती दिवस' चा भाग शोधा आणि शीटमध्ये एक कॉलम वाढवून दिवस मोजत जा, मग बातमीच्या आधी तुम्हाला साधारण कळतं. साधारणच, तिकीट त्यावर काढू नका.

प्रवास करायचा असेल तर निघायची जागा, मधली आणि पोचायची, तिन्हीकडचे आदेश बघा. निगेटिव्ह रिपोर्ट लागतो तिथे ४८ का ७२ तास आणि ते सॅम्पल दिल्यापासून का रिपोर्ट आल्यापासून, ह्यावर माणसं परत फिरलीयत.

देशादेशांचे निर्बंध तुलना करायला ऑक्सफर्ड विद्यापीठाचा ट्रॅकर होता, ० ते १०० असा कडकपणाचा इंडेक्स. तो वापरताना एवढंच लक्षात ठेवा की देशाच्या एका कोपऱ्यात कडक लॉकडाऊन असेल तर बरेचदा तोच पूर्ण देशाच्या आकड्यात दिसतो. आपल्या गल्लीचं त्यातून काही कळत नाही.

रोज किती वेळ द्यायचा

लाट नसताना आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. भागाकार सलग दोन आठवडे १ च्या वर गेला की रोज भरायला सुरुवात करा. रोज भरायचं म्हणजे रोज घाबरायचं नाही, आकडा टाकून टॅब बंद. ग्रुपवर टाकायचं असेल तर आठवड्याचा ग्राफ टाका, सोर्स आणि तारीख चित्रावरच लिहा, खाली मेसेजमध्ये नाही, फॉरवर्ड करताना मेसेज गळतो आणि चित्र पुढे जातं.

आणि डेटा स्वतःकडे उतरवून ठेवा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा डॅशबोर्ड २२ जानेवारी २०२० ला सुरू झाला आणि १० मार्च २०२३ ला नवे आकडे घेणं थांबलं. भारतात स्वयंसेवकांनी चालवलेला कोविड१९इंडिया हा डॅशबोर्ड ३१ ऑक्टोबर २०२१ ला बंद झाला, त्यांनी निदान आधी सांगून केलं. स्थानिक बुलेटिनची पानं तर न सांगताच जातात, काल होती ती लिंक आज उघडत नाही. महिन्याला एकदा सीएसव्ही, म्हणजे आकड्यांची साधी फाईल, डाऊनलोड करायची आणि आदेशाच्या पीडीएफला नाव देताना पुढे तारीख लावायची, साल आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप ओळीने लागतात. सालासकट लावा बरं का.